श्री. की कै.

पुन्हा कळ दाबली आणि पुन्हा ते मेलं मशीन अडकलं. काळ्या पडद्यावर शिवी हासडल्यासारखी एक इंग्रजी ओळ उमटली आणि सगळं गप्प. नमिताने कीबोर्डवर थाप मारली. "जळो मेलं!"

"खिळे जुळवले असते तर एव्हाना पत्रिका रोह्याला पोचल्या असत्या," दाजी म्हणाले. पेणच्या बाजारातल्या या छापखान्याचे ते मालक. शहाण्णव साली त्यांनी मोठ्या हौसेने कॉम्प्युटर घेतला, तो चालवायला सी भाषा शिकून आलेल्या नमिताला ठेवलं, आणि तेव्हापासून त्यांना रोज उठून आपल्या शिशाच्या अक्षरांची, त्या जुन्या खिळ्यांची आठवण येत होती.

प्रोग्रॅम नमिताचाच. लग्नपत्रिकेचा साचा करून ठेवायचा, नावांच्या नि तारखेच्या जागा मोकळ्या सोडायच्या, माहिती दिली की दिवसभराच्या पत्रिका एकामागून एक भरून बाहेर. जागा भरायचं काम मात्र एका तयार लायब्ररीचं, म्हणजे कुण्या परक्या माणसाने लिहून ठेवलेल्या कोडचं. मैत्रिणीने ती मुंबईहून फ्लॉपीवर आणून दिली होती. लोकांच्या पत्रिका विनातक्रार निघाल्या. अडली ती नेमकी घरची, धाकट्या बहिणीची, नम्रताची.

अडली बापाच्या नावाशी. वडीलधाऱ्याच्या नावाआधी साचा विचारायचा, श्री. की कै.? हयात की गेलेला? आणि हिरामण जोमा घरत खाडीवरच्या मिठागरातून एका सकाळी मिठाच्या ट्रकात बसून जो गेला तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. नम्रता तेव्हा फ्रॉकात होती.

बाकावर नवऱ्यामुलाचा मामा बाबाजी बसला होता, रोह्याजवळच्या अष्टमीहून प्रूफ बघायला आलेला. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. "नमिता, काय ते एक ठरवा ना. कै. लिवलं तर विषय मिटला. श्री. लिवलं तर आमची माणसं मांडवात विचारणार, विहीणबाईंचे मालक कुठं हायत?"

"काहीच लिहिणार नाय, मामा. नुसतं नाव."

खरं तर तिला कै.च लिहायचं होतं. ज्या माणसाने एकदा मागे वळून बघितलं नाही त्याला श्री. कसलं डोंबलाचं? पण आई अजून रोज सकाळी कुंकू लावत होती, त्यामुळे नमिताची बोटं काही कै.वर जाईनात. म्हणून रिकामी जागा. आणि जागा रिकामी ठेवली की ही लायब्ररी आडवी पडायची. सकाळपासून हेच चाललं होतं.

शेवटी तिने त्या परक्याच्या कोडमध्ये हात घातला. काहीच दिलेलं नसेल तर अडू नको, तशीच पुढे जा, अशी अट मध्ये घुसवली. कळ दाबली. प्रिंटर कुरकुरत चालू झाला.

"निघाली एकदाची!" असं ती म्हणतेय तोच दारात तिची आई आली. जनी. मुलीच्या लग्नाची पत्रिका सगळ्यांच्या आधी बघायची म्हणून गडब गावाहून एसटीने आलेली.

"थांब गो, मीच बघतंय आधी," म्हणत जनीने कागद प्रिंटरमधूनच उचलला. चौथी शिकलेली ती. बोट ठेवून ठेवून वाचायची. नमिता कौतुकाने बघत होती. बोट मध्येच थांबलं, मागे गेलं, परत तिथेच येऊन थांबलं.

जनी मटकन बाकावर बसली. बाबाजी बाजूला सरकला.

"कवा गेला?" तिने विचारलं.

"कोण, आये?"

"तुझा बापूस. कवा कळला तुला? माझ्यापासून लपवलंस, बाय?"

नमिताने कागद ओढून घेतला. कै. हिरामण जोमा घरत यांची कन्या. यादीत नम्रताच्या आधी वडखळची एक मुलगी होती, वडील वारलेली. तिच्या वडिलांचा कै. त्या जागेत तसाच उरला होता. नवीन काही दिलं नाही आणि जुनं कुणी पुसलं नाही, म्हणून तो हिरामणला येऊन चिकटला.

"चूक हाय ती, आये! मशीनची चूक. मागच्या पत्रिकेतला शब्द राहिला तो. कुणी काय कळवलं नाय, तुझी शप्पथ!"

"चूक?" जनीने मान वर केली. "मंजे हाय तो?"

मशीनची चूक नमिताने आईला ओळ न् ओळ समजावून सांगितली असती. याचं काय सांगायचं? तिचा संताप संताप झाला, त्या लायब्ररीवर, स्वतःवर, आणि इथे नसूनही आईला आज पुन्हा रडवून गेलेल्या त्या बापावर. आई उत्तराची वाट बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. "हाय."

बाबाजी काही बोलायला गेला. नमिताने त्याच्याकडे असं बघितलं की तो गपगुमान बसून राहिला. मग तिने साच्यातली ती मोकळी जागाच काढून टाकली आणि दात आवळून, स्वतःच्या हाताने, तिथे श्री. टाइप केलं.

जनीने पदराने डोळे पुसले आणि तिच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली.

"कुठं हाय ता नको सांगूस," ती हळूच म्हणाली.