काशीरामची पोटगी

काशीराम परबांना पोटगी मंजूर झाली तेव्हा सगळ्यांत मोठा धक्का बसला तो काशीरामांनाच. घटस्फोटाचा दावा लावला होता बायकोने, आणि हे बिचारे आपल्याला किती भुर्दंड बसतो या धास्तीने कोर्टात आलेले. त्यांच्या वकिलाने, देवव्रतने, कागदांचा गठ्ठा पुढे सरकवून जिथे जिथे पेन्सिलीची फुली होती तिथे तिथे सह्या घेतल्या होत्या. त्यातच पोटगीचा अर्ज होता. वाचला असता तर काशीरामांनी लाजेने फाडून टाकला असता.

पण खरा घोळ बायकोने, सुगंधाने घातला. मरोळला कारखान्यांच्या शेजारी तिची खानावळ, दुपारी रांग रस्त्यावर यायची. प्रतिज्ञापत्रात कमाई कमी दाखवा, असं तिच्या वकिलाने घसा फोडून सांगितलं होतं. तिने उलट रोजची ताटं, पाटल्या, बँकेतल्या ठेवी, सगळं ठसक्यात लिहून काढलं. कोर्टात गरीब म्हणून उभं राहायचं, तर माहेरी तोंड कसं दाखवायचं? काशीरामांची कंपनी बंद पडून सात वर्षं झालेली. न्यायाधीश बाईंनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत पत्नीने पतीला पोसावं, असा आदेश दिला.

"ह्येंच्या हातात पैसे देवचंय नाय," सुगंधा म्हणाली. "जेवान देतंय. दोन टायमाचा."

बाईंनी तसं लिहून घेतलं. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे, श्रावण सोडून. जेवण झाल्यावर वहीत सही, आणि सहीपुढे शेऱ्याचा रकाना.

मुळात भांडण जेवणावरूनच झालेलं. गेली एकतीस वर्षं काशीराम पानावर बसले की पहिला घास तोंडात जायच्या आधी म्हणायचे, "मीठ कमी." त्यांचे वडीलही म्हणायचे, आजोबाही म्हणायचे. परबांच्या घरात पुरुष जेवायला बसला हे त्यावरूनच कळायचं. एकदा ते भर खानावळीत, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. सुगंधाने त्याच दुपारी त्यांची पिशवी भरली आणि त्यांना घाटकोपरला, त्यांच्या बहिणीकडे धाडलं.

आता ते रोज दोनदा घाटकोपरहून मरोळला येऊ लागले. सुगंधा त्यांना कामगारांच्या रांगेत उभं करायची आणि तोंडाकडे न बघता ताट पुढे करायची. तरी काशीराम खूश होते. आज ना उद्या ही 'आत या' म्हणेल, एवढीच त्यांची आशा. बारा दिवस त्यांनी शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. तेराव्या दिवशी बांगड्याचं कालवण होतं. पोटभर जेवून, तृप्त होऊन त्यांनी सही केली, आणि हाताने आपोआप लिहिलं, 'मीठ कमी'.

सुगंधाने वाचलं आणि वही मिटली. देवव्रतला मात्र आनंद झाला.

"काका, आदेशाचा भंग आहे हा. झकास पकडलंत."

काशीराम नको नको म्हणेपर्यंत त्याने अर्ज टाकलासुद्धा.

तारखेला सुगंधा तसंच कालवण डब्यात घेऊन हजर झाली. कोर्टाच्या कारकुनाने चव घेतली आणि भात आणलाय का, असं हळूच विचारलं. मग काशीरामांना पिंजऱ्यात उभं करून शपथ दिली गेली.

"मीठ कमी होतं?" बाईंनी विचारलं.

काशीरामांनी सुगंधाकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती. हो म्हटलं तर ही कायमची गेली, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"नाय मॅडम. बरोबर होता."

"मग लिहिलंत कशाला?"

"सवय. एकतीस वर्सां बरोबरच होता."

सुगंधाला रडू आलं. तिने ते लपवलंही नाही, पदराने डोळे पुसले. काशीरामांना वाटलं, सुटलो, आता घरी. बाईंनाही तसंच वाटलं असावं.

"मग दावा मागे घेताय ना?"

"नाय," सुगंधा नाक पुसत म्हणाली. "घराक गेले की परत तसाच बोलतले. हंय शपथेवर आसत म्हणान बरा बोलतत. माका पुढची तारीख द्या."

बाईंनी डायरी चाळली. तीन महिन्यांनंतरची एक तारीख मोकळी होती. देवव्रत सवयीने उठला, त्याला आणखी पुढची हवी होती. काशीरामांनी पिंजऱ्यातूनच त्याला हाताने खाली बसवलं.

"मॅडम," ते म्हणाले, "जरा जवळची बघा ना."