निळ्या शर्टाचा हेवा

मी एक जुना खाकी शर्ट आहे. मित्रांनो, जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कारखान्यात दाराजवळ जी खुंटी आहे, तिथे मी राहतो. बाहेरच्या खोलीतल्या बंद कपाटात एक निळा शर्ट असतो. त्याला खिसासुद्धा धड नाही, पण तोरा मात्र नवरदेवाचा.

मी काही असातसा नव्हतो. दाट कापड, दुहेरी शिलाई, दोन मोठे खिसे. ज्यांनी मला मापाने शिवून घेतलं, त्यांना मीही त्यांच्या लेकीसारखं बाबाच म्हणतो. बाबा बॅटऱ्या फोडत, आतल्या शिशाच्या पट्ट्या काढत आणि तेजाबाचे थेंब मी अंगावर झेलत असे. "शर्ट असावा तर असा," कारखान्यातले मिस्त्री म्हणायचे. संध्याकाळी बाबा मला घालूनच घरी जात. दारात त्यांची लेक चिमणी धावत येई. बाबा तिला उचलून घेत आणि ती माझ्या डाव्या खांद्यावर गाल टेकून दिवसभराच्या तक्रारी सांगे. त्या गालासाठीच मी दिवसभर राबत होतो.

मग चिमणीचं पोट दुखू लागलं. तिला जेवण नको, खेळ नको. येत असलेली अक्षरंही ती विसरू लागली. दवाखान्यात तपासलं, तर रक्तात शिसं निघालं. नर्सताई घरी आल्या आणि त्यांनी विचारलं, "कामावरचे कपडे कुठे बदलता?"

"घरी येऊनच," आई म्हणाली. "मी ते हिच्या फ्रॉकबरोबरच भिजवते."

"इथून पुढे हा शर्ट घरात आणू नका. शिशाची धूळ सहज दिसत नाही, पण याच्यावर बसून घरापर्यंत येते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कसली धूळ? मला तर कधी दिसली नव्हती.

तेव्हापासून बाबा काम संपलं की मला खुंटीला लावतात, साबणाने अंघोळ करतात आणि तो बाजारातून आणलेला निळा शर्ट घालून घरी जातात. मला इथेच, वेगळ्या टबात धुतात. एका सकाळी बाबा आले तेव्हा निळ्याच्या खांद्यावर खडूचा डाग होता. चिमणी पुन्हा अक्षरं गिरवू लागली होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगतो, मला फक्त तो डाग हवा होता.

एका दुपारी आई चिमणीला घेऊन फाटकाशी आली. चिमणीने शाळेत पहिल्यांदाच आख्खा धडा वाचला होता. बाबा होते तसेच, मला घालून धावत सुटले. माझा आनंद गगनात मावेना. आज निळ्याची जिरली, असं मी मनाशी म्हटलं. चिमणी हात पसरून पळत आली आणि बाबांनी एकदम पाऊल मागे घेतलं.

"चिमणे, तिथेच थांब. अंघोळ करून येतो."

"मग लवकर ये ना, बाबा."

आत येऊन बाबांनी मला घाईघाईने अंगातून ओढलं. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप आत येत होती. त्या तिरिपेत माझ्यातून धूळ उठली, बारीक आणि करडी. सगळ्यात जास्त उठली ती डाव्या खांद्यावरून. मी ती डोळ्यांनी पाहिली.

बाहेर निळ्याच्या खांद्यावर गाल टेकून चिमणी धडा वाचून दाखवत होती.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी शिशाचं, रंगाचं किंवा फवारणीचं काम करत असेल, तर कामावरचे कपडे कामावरच बदलायला सांगा. ते तुमच्या कपड्यांबरोबर धुऊ देऊ नका. अंघोळ होईपर्यंत त्यांनी तुम्हाला जवळ घेतलं नाही, तर रुसू नका. निळ्याचा हेवा मला अजूनही रोज संध्याकाळी वाटतो. पण बाबा कधी चुकून मला घालूनच निघाले, तर मी दाराच्या खिळ्यात अडकेन, टर्रकन फाटेन, पण चिमणीच्या घरी जाणार नाही.