महिनाअखेरपर्यंतचा भाव

बहीणभावात बोलणं बंद झालं तेव्हापासून एकाचा निरोप दुसऱ्याला ट्रकचं काम बघणारा मिस्त्री पोचवत होता, आणि मिस्त्रीला दोघांचाही वीट आला होता. भाऊ ट्रक चालवायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे आणि तोही स्वतःला तेच समजायचा. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. गोदामाच्या कोपऱ्यात लाकडी पार्टिशन घालून केलेल्या ऑफिसात बसून ती धंदा सांभाळायची. धंदा खिडक्यांच्या काचा पोचवण्याचा. ट्रक दोघांच्या नावावर होता, तीच भांडणाची मेख.

ठिणगी पडली थंडीत. उस्ताद तापाने दोन दिवस घरी झोपला आणि ताईने बदली ड्रायव्हर लावला. तिसऱ्या दिवशी उस्ताद गाडीत चढला तर सीट पुढे ओढलेली, आरसा खाली वाकवलेला. आपल्या ताटात कुणी जेवून गेल्यासारखं त्याला वाटलं. तो तडक ऑफिसात गेला आणि पाच माणसांसमोर म्हणाला, "माझ्या सीटवर परत कुणाला बसवलंस, तर काचा डोक्यावरून वाहून ने."

"सीट तुझी नाही, आपली आहे," ताई म्हणाली.

झालं. तेव्हापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. आता ट्रक काढून टाकायचा यावर मात्र दोघांचं एकमत होतं, कारण चौदा वर्षांच्या गाडीबद्दल वेगळं मत असायला माणूस वेडाच हवा. ताईचं म्हणणं, शोरूमला एक्स्चेंजमध्ये द्यावा. सकाळी जुनी सोडायची, दुपारी नवी घेऊन यायचं. उस्तादाचं म्हणणं, शोरूमवाले भंगाराचा भाव देतात आणि रंग मारून दीडपटीने विकतात. मग हे आयत्या बिळावरचे नागोबा आपण का पोसायचे? गिऱ्हाईक आपण शोधावं. दोघांचंही बरोबर होतं. भांडण चिघळायला एवढं पुरतं.

शेवटी ताईचा निरोप आला. मिस्त्री हात पुसत उस्तादासमोर उभा राहिला आणि पाठ केल्यासारखा म्हणाला, "शोरूमचा भाव महिनाअखेरपर्यंत आहे. तोवर त्याच्या वर देणारं गिऱ्हाईक आणलंत तर नवी गाडी तुमच्या पसंतीची, चालवणार तुम्हीच. नाहीतर ट्रक शोरूमला, आणि नव्या गाडीवर तो बदली ड्रायव्हर."

"आणि मी काय करायचं?"

"ऑफिसात त्यांच्यासमोर बसून पावत्या फाडायच्या."

उस्तादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो बराच वेळ ताईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. त्या आपल्याही आहेत हे त्याच्या लक्षात आलं नाही. पण खरं सांगायचं तर त्याला धास्ती त्या खुर्चीची होती. सव्वीस वर्षं तो स्टीअरिंगमागे बसला होता. लग्नात, मयतात, कुठेही साध्या खुर्चीवर बसला की त्याला हात कुठे ठेवावेत कळायचं नाही.

गिऱ्हाईक आणणं अवघड नव्हतं. अवघड होता ब्रेक. गेली सहा-सात वर्षं जोरात ब्रेक मारला की ट्रक डावीकडे ओढायचा. उस्तादाने ते कधी कुणाला सांगितलं नाही, कधी दुरुस्त करून घेतलं नाही. पाय ब्रेकवर गेला की हात त्याच दमात स्टीअरिंग किंचित उजवीकडे घ्यायचा, आणि गाडी सरळ उभी राहायची. तो याला गाडीचा स्वभाव म्हणायचा. पण असला स्वभाव कोण विकत घेणार? म्हणून त्याने मनाशी ठरवलं, गिऱ्हाईकाने बाजूला बसायचं, स्टीअरिंगला हात फक्त आपला.

पहिला आला विटांचा व्यापारी. गोदामामागच्या मोकळ्या रस्त्यावर तो म्हणाला, "जरा दाबून मारा ब्रेक." उस्तादाने दाबला, हात वळवला, आणि ट्रक उजवीकडे उसळून कुंपणापासून हातभर अंतरावर थांबला.

"ही उजवीकडे ओढते," व्यापारी म्हणाला.

"रस्ता तिरका आहे."

"रस्ता नाही, तुम्ही तिरके आहात," असं म्हणून व्यापारी उतरला आणि पायी निघून गेला.

दुसरे दोन भाऊ होते, फर्निचरवाले. त्यांनीही तेच सांगितलं. उस्ताद म्हणाला, रिकामी गाडी असंच करते. ते एकमेकांकडे बघून हसले तेव्हा त्याने त्यांना भर रस्त्यात उतरवून दिलं. तिसऱ्याने स्टीअरिंग मागितलं, म्हणून त्याला गाडीत चढूच दिलं नाही. मिस्त्रीला उस्ताद सांगायचा, सगळे फुकटे आहेत, फिरायला येतात.

स्वतःला काय सांगत होता? घाईत हात जास्त गेला. पुढच्या वेळी कमी वळवू. पण हात ऐकेना. एरवी हे लपून जायचं, कारण काच भरलेली गाडी कधी करकचून थांबवायची नसते, ब्रेक नुसता गोंजारायचा असतो. तरी भांडणानंतरच्या या तीन महिन्यांत दोन काचा तडकल्या होत्या. त्यावरून त्याने हमालांना झोडपून काढलं होतं, आणि ज्याने शपथ घेऊन काच नीट बांधली म्हणून सांगितलं, त्याच्याशी तो अजून बोलत नव्हता. अबोल्याची त्याला आता सवयच झाली होती.

ताई खिडकीतून सगळं बघायची आणि प्रत्येक गिऱ्हाईक गेलं की मिस्त्रीला म्हणायची, "सांग त्याला, नऊ दिवस राहिले." मग "सहा." मग "दोन."

दोन दिवस राहिले तेव्हा रोपवाटिकावाली आली. रुंद बांध्याची, पन्नाशीची बाई, नखांत माती. तिने चाकं पाहिली, इंजिनाचा आवाज ऐकला, आणि चावीसाठी हात पुढे केला.

"चालवणार मी," उस्ताद म्हणाला.

"विकत घेतल्यावर पण तुम्हीच येणार का रोज चालवायला?"

मिस्त्री हसला. उस्ताद त्याच्याकडे रागाने बघत राहिला, पण दोन दिवस म्हणजे दोनच दिवस. त्याने चावी दिली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या ट्रकात डाव्या सीटवर बसला. रोपवाटिकावालीने गाडी मागच्या रस्त्यावर काढली, वेग घेतला आणि काही न सांगता ब्रेक दाबला.

उस्तादाचा हात आपोआप गेला. त्याने वाकून स्टीअरिंग पकडलं आणि उजवीकडे खेचलं. ट्रक उसळला. बाईने त्याच्या मनगटावर सणसणीत फटका मारला.

"हात काढा. मारायचंय का मला?"

"डावीकडे जाईल ती," तो म्हणाला. तोंडातून शब्द निसटले तेव्हा त्याला कळलं की आपण हात दाखवून अवलक्षण केलं.

बाईने त्याच्याकडे बघितलं. पुन्हा वेग घेतला, पुन्हा ब्रेक दाबला, आणि या वेळी दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलून धरले. ट्रक नाकासमोर, सरळ थांबला. तिने आणखी दोनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा सरळ.

"गाडी उत्तम आहे," ती म्हणाली. "तुमचं काय बिनसलंय ते तुम्ही बघा."

गोदामात परत येऊन तिने शोरूमच्या वरचा आकडा सांगितला, बयाणा मोजला आणि कागद कधी न्यायचे ते विचारून गेली. उस्ताद जिंकला होता. पण तो मिस्त्रीसमोर जाऊन उभा राहिला. "ब्रेकला कुणी हात लावला?"

"मी. थंडीतच केला." मिस्त्री गोंधळला. "बदली ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी सांगितलं, गाडी डावीकडे ओढते. ताई म्हणाल्या, करून टाक. मला वाटलं त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल."

"ती माझ्याशी बोलते का?"

"मग तो निरोपही माझ्याच गळ्यात का? मी ब्रेकचं काम करतो, पोस्टमन नाही," मिस्त्री म्हणाला आणि आपल्या पान्यांकडे निघून गेला.

उस्ताद ऑफिसात शिरला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो सरळ तिच्याशी बोलला. "तुला माहीत होतं."

"पहिलं गिऱ्हाईक गेलं तेव्हा वाटलं, आता तुला कळेल," ताई म्हणाली. "दुसरं गेलं तेव्हा मला कळलं, की तुला कळत नाही."

"आणि तू बसून मजा बघितलीस."

"बघितली. उस्ताद म्हणवतोस ना? गाडी तुझ्या हातात बदलली आणि तुला तीन महिने पत्ता नाही. त्या दोन काचा कुणी फोडल्या? हमालांनी?" तिने समोरचे कागद सारखे केले. "पण शब्द म्हणजे शब्द. जिंकलास. नवी गाडी तूच चालव."

तिच्या आवाजात दया नव्हती, आणि उस्तादाला ती नकोच होती. तो बाहेर गेला, ट्रकात चढला आणि एकटाच मागच्या रस्त्यावर गेला. वेग घेतला, हात घट्ट धरला, स्वतःला बजावलं आणि ब्रेक दाबला. ट्रक उजवीकडे गेला. त्याने दात आवळून पुन्हा केलं. उजवीकडे. तिसऱ्यांदा समोरून एक सायकलवाला येत होता. उस्तादाने ब्रेक दाबला, आणि ट्रक त्याच्या दिशेने सरकून थांबला. सायकलवाला शिव्या घालत निघून गेला. उस्तादाने इंजिन बंद केलं. त्याला भीती वाटली होती, आणि ती कुणावर ढकलता येत नव्हती.

तो परत आला तेव्हा ताई दिवा बंद करून निघण्याच्या तयारीत होती. त्याने चावी तिच्या टेबलावर ठेवली.

"नव्या गाडीला त्या बदली ड्रायव्हरला बोलाव," तो म्हणाला. "आणि त्याच्याशी बोलत जा."