बटाट्याचे डोळे

आयुषीनं कासवांची नावं कांदा आणि बटाटा ठेवली, ती निव्वळ आईला चिडवायला. जळगावातल्या छाजेडांच्या जैन घरात जमिनीखाली पिकणारी एकही भाजी उंबरा ओलांडत नसे. आईनं, राजकुंवरबाईंनी, कासवं ठेवून घेतली, नावं नाही. त्या बटाट्याला ‘मोठं’ आणि कांद्याला ‘धाकटं’ म्हणत.

जुलैत आयुषी फार्मसी शिकायला धुळ्याला गेली. हॉस्टेलवर कासवं चालत नव्हती. जाताना तिनं टब, दिवा आणि खाद्याच्या दाण्यांचा डबा आईच्या ताब्यात दिला आणि बजावलं, “मम्मी, रोज दहा दहा दाणे. बाकी काही नाही.”

तिसऱ्या दिवशी राजकुंवरबाईंनी चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. मासळीची भुकटी. पुढे कोळंबी. त्यांनी डबा खाली ठेवला आणि आपल्या हाताकडे पाहिलं. याच हातानं त्यांनी तीन दिवस जपाची माळ ओढली होती. त्यांनी डबा दोन पिशव्यांत बांधला, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ठेवला आणि कोपरापर्यंत हात धुतले. त्या दिवसापासून कासवांना मुगाची खिचडी सुरू झाली. कधी दुधात भिजवलेला पाव. कासवं ती खात असावीत, निदान टबात ती दिसेनाशी तरी होई.

महिनाभरानं मोठ्यानं डोळे मिटले ते उघडेनाच. दगडावर मान वर करून ते तासन् तास स्थिर बसे. राजकुंवरबाईंना आधी कौतुक वाटलं.

“बघा, कसं ध्यानाला बसलंय,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नेमीचंदांचं कापडाचं दुकान होतं. कापडातला बारीकसा डाग त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांनी वाकून पाहिलं. “ध्यान कसलं? पापण्या सुजल्यात याच्या. भजी झालीत भजी.”

जनावरांच्या दवाखान्यात त्यांच्या पुढे दोन शेळ्या आणि एक गोऱ्हा होता. डॉक्टर भूषण तरुण होते, म्हशींच्या बाळंतपणात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. पण कासव त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी कागद पुढे ओढला.

“पेशंटचं नाव?”

राजकुंवरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. शेवटी नेमीचंद हळूच म्हणाले, “बटाटा.”

डॉक्टरांनी अजिबात न हसता लिहिलं, ‘बटाटा नेमीचंद छाजेड’. मग पुण्याच्या एका मित्राला फोन लावला, फोटो पाठवला, दहा मिनिटं बोलले आणि विचारलं, “खायला काय देता?”

“डब्यातले दाणे मासळीचे निघाले. आता मुगाची खिचडी,” राजकुंवरबाई म्हणाल्या. “तुपाशिवाय.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “बाई, याच्या पोटात जीवनसत्त्व जातच नाहीये. ‘अ’ जीवनसत्त्व. त्यानं डोळे सुजलेत. अजून दोन आठवडे असंच चाललं असतं तर डोळे गेलेच असते.”

राजकुंवरबाई मट्कन बाकावर बसल्या. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून त्या जिना उतरताना प्रत्येक पायरी बघत. आणि आपल्याच घरात, आपल्याच हातानं, एका मुक्या जिवाला आंधळं करायला निघालो होतो!

“उपाय सांगा,” त्या म्हणाल्या. “मी करते.”

डोळ्यांत घालायला थेंब मिळाले. मग डॉक्टरांनी खाणं सांगितलं. नुसती भाजी टाकली तर कासव तोंड लावणार नाही. भाज्या शिजवून वाटायच्या, त्यात त्या डब्यातल्या दाण्यांची पूड घालायची आणि जिलेटिननं थिजवून वड्या पाडायच्या. मग आवडतं-नावडतं वेगळं काढता येत नाही. “गाजर भरपूर घाला.”

“गाजर आमच्याकडे येत नाही. जमिनीखालचं.”

“मग लाल भोपळा, शेवग्याचा पाला.”

“आणि ते जिलेटिन कशाचं असतं?”

डॉक्टर खरं बोलणारे होते. “हाडांचं,” ते म्हणाले.

बाहेर शेळी ओरडली.

“चायना ग्रास चालेल,” डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. “समुद्रातल्या शेवाळाचं असतं. पण बाई, ते दाणे मात्र चालू करा. तुम्ही शाकाहारी आहात हे कासवाला माहीत नाही.”

चायना ग्रास राजकुंवरबाईंच्या सवयीचं होतं. उन्हाळ्यात त्यांची दुधाची बर्फी सगळ्या नात्यात जाई. त्यांनी भोपळा आणि शेवग्याचा पाला वाफवला, वाटला, गाळला. चायना ग्रासच्या काड्या उकळून त्यात ओतल्या आणि ताट फ्रिजमध्ये ठेवलं. तासाभरानं अशा सुरेख केशरी-हिरव्या वड्या पडल्या की नेमीचंदांनी येता-जाता एक तोंडात टाकली.

“साखर विसरलीस,” ते म्हणाले.

“कासवांची आहे ती!”

नेमीचंदांनी चावणं थांबवलं, विचार केला आणि गिळून टाकली. “वाईट नाही.”

कासवांचं मत तसं नव्हतं. दाण्यांची पूड घातलीच नव्हती. धाकट्यानं वडी नाकानं ढकलत टबाच्या या टोकापासून त्या टोकाला नेली आणि सोडून दिली. मोठ्याला ती दिसलीच नाही. शिवाय चायना ग्रास जास्त झालं होतं. वडी फरशीवर पडली तर चेंडूसारखी उसळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकुबाई भाजीची पाटी घेऊन दारात आली. ती मूळची साक्रीकडची, लग्न होऊन जळगावला आलेली, आणि पंधरा वर्षं याच गल्लीत भाजी विकत होती. रोज पाव किलो दुधी घेणारी भाभी एकदम भोपळ्याच्या मागे का लागलीय, हे तिला कळेना. राजकुंवरबाईंनी तिला आत बोलावून टब दाखवला आणि सगळं सांगितलं.

“मंग पूड घाला ना,” भिकुबाई म्हणाली. “वास बिगर खावाव नही ते.”

“ती माझ्या मिक्सरमध्ये कशी करू?”

“आणा हाई डबा. मना पाटावर मी वाटी देसू.”

अशी वाटणी झाली. भिकुबाई घरून पूड वाटून आणी. राजकुंवरबाई भाजीच्या पातळ मिश्रणाचं रटरटतं पातेलं घेऊन पायरीपर्यंत येत, भिकुबाईच्या भांड्यात वरून ओतत आणि तोंड फिरवत. भिकुबाई पूड घालून ढवळे.

नेमीचंद हे दोन दिवस पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. “राजकुंवर, करणं, करवणं आणि केलेल्याला बरं म्हणणं, तिन्हीचा दोष सारखाच. व्याख्यानात तूच ऐकून आली होतीस.”

“हो,” राजकुंवरबाई म्हणाल्या. “आणि तुमच्या दुकानात रेशमी शालू आहेत ते किडे मारूनच होतात, हेही त्याच व्याख्यानात ऐकलं होतं.”

नेमीचंदांना दुकानाला उशीर होत असल्याचं आठवलं.

नव्या वड्यांवर धाकटं तुटून पडलं. मोठं मात्र मान वर करून तसंच बसलेलं. वास आला की मान थोडी हले, पण वडी कुठे आहे ते कळेना.

“तेले दिसत नही,” भिकुबाई म्हणाली. “वडी लांब लांब कापा. नाकजोगे धरीसन हालवा. तेले वाटाले पाहिजे, जित्तं शे, वळवळस.”

“म्हणजे मी किडा व्हायचं?”

“तुम्ही नही, वडी!” भिकुबाई हसली. मग पाटी उचलताना म्हणाली, “मी उद्या साक्रीले जाई ऱ्हायनू. भाचीनं बारसं शे. दोन दिवसनी पूड बांधी ठेयेल शे पुडीमा.”

ती गेली. पुडी पायरीवर राहिली.

दुसऱ्या दिवशी राजकुंवरबाईंनी भाजी शिजवली, चायना ग्रास उकळलं आणि पायरीवर येऊन बसल्या. पातेल्यातलं मिश्रण थिजायला लागलं होतं. शेजारी कोणाला हाक मारावी? दोन्ही घरं त्यांच्यासारखीच, जैन स्थानकात जाणारी. कामाची बाई रजेवर. त्यांनी टबाकडे पाहिलं. मोठ्यानं पुढचा पाय उचलून आपला सुजलेला डोळा चोळला, अगदी माणसासारखा.

राजकुंवरबाईंनी तोंडाला पदर बांधला, नवकार मंत्र म्हटला आणि पुडी सोडली. वास नाकात गेला तशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांनी ढवळलं, गुठळी राहू नये म्हणून चांगलं दोनदा ढवळलं. करायचंच तर नीट करावं, हा त्यांचा स्वभावच होता.

दुपारी वड्यांच्या लांब पट्ट्या कापून त्या टबाशी मांडी घालून बसल्या. एक पट्टी मोठ्याच्या नाकासमोर धरली. काही नाही. त्यांनी ती डावीकडे-उजवीकडे हलवली. काही नाही.

“अरे, घे ना,” त्या पुटपुटल्या. मग आसपास कोणी नाही हे पाहून त्यांनी पट्टी पाण्यात बुडवली, वर काढली, थरथरवली, जवळ नेली, लांब पळवली. मनगट वळवळू लागलं, मग खांदा, मग मानही. पळणारा किडा कसा पळेल याचा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एवढा विचार केला होता. “मी पळाले हं. पळाले. धर बटाट्या, धर!”

बटाट्यानं झडप घातली. अर्धी पट्टी आणि राजकुंवरबाईंचं बोट एकदमच त्याच्या तोंडात गेलं.

त्यांची किंकाळी ऐकून जेवायला आलेले नेमीचंद हातातला घास टाकून धावत आले. बायको जमिनीवर बसलेली, साडी भिजलेली, बोटातून रक्त येतंय आणि चेहरा असा फुललेला की लग्नातही त्यांनी तो तसा पाहिला नव्हता.

“खाल्लं!” त्या म्हणाल्या. “अहो, बटाट्यानं खाल्लं!”

त्यांनी आयुषीला फोन लावला. “तुझा बटाटा जेवला!” असं त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली आणि त्यांच्याकडे विचित्र नजरेनं बघत आत गेली.

दहाव्या दिवशी बटाट्याचा उजवा डोळा किलकिला झाला, बाराव्या दिवशी डावा. साक्रीहून परतलेल्या भिकुबाईनं पाहिलं आणि म्हणाली, “डोया उघडनात! आते तुमले वयखी तो.” आता तो खरंच ओळखतो का, हे बघायला राजकुंवरबाई टबावर वाकल्या.

मग पर्युषण आलं. ते आठ दिवस त्यांच्या घरात हिरव्या भाजीला विळी लागत नसे, आणि यंदा राजकुंवरबाईंनी शेवटच्या तीन दिवसांचा निर्जल नाही तरी नुसत्या उकळलेल्या पाण्यावरचा उपास धरला होता. भिकुबाईनं न विचारताच टब उचलला. “आठ दिवस मना घर ऱ्हातीन,” ती म्हणाली आणि दिवा, थेंब, चायना ग्रास असं सगळं पाटीत घालून घेऊन गेली. राजकुंवरबाईंनी पाचव्या दिवसापर्यंत चार वेळा फोन केला. चौथ्यांदा भिकुबाईनं फोन कासवांच्या टबाजवळ धरला आणि म्हणाली, “ऐका, पानी वाजी ऱ्हायनं. जित्ता शेतस दोन्ही.”

पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरी. तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमा मागायला लोक एकमेकांच्या घरी जातात. राजकुंवरबाई आधी नणंदेकडे जातील असं नेमीचंदांना वाटलं होतं. त्या रिक्षात बसल्या आणि भिकुबाईचा पत्ता सांगितला.

भिकुबाई अंगणात मेथी निवडत होती. छाजेड पतिपत्नी सकाळीच दारात पाहून ती घाबरली. त्यातच राजकुंवरबाईंनी हात जोडले आणि डोकं वाकवलं.

“मन्हं काय चुकनं, भाभी?” ती उठून उभी राहिली. “खाल्लं ना दोन्हीसनी बठ्ठं! काल तर धाकलानं बोटबी चावलं मनं!”

“तुमचं नाही हो. माझं काही चुकलं असेल, बोलण्यात, वागण्यात, तर माफ करा.”

“तुमनं? मले?” भिकुबाई म्हणाली. तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि तिनंही हात जोडले.

राजकुंवरबाई मग टबाशी गेल्या. खाली बसल्या, खिचडीचा तो महिना आठवला आणि हात जोडून दोघांची क्षमा मागत म्हणाल्या, “मिच्छामि दुक्कडम्.” कांदा पाण्यात बुडाला. बटाटा डोळे पूर्ण उघडून त्यांच्याकडे पाहत राहिला, आणि वडी येत नाही हे लक्षात आल्यावर तोही बुडाला.

उठताना त्यांना चक्कर आली. नेमीचंदांनी त्यांना धरून बाजेवर बसवलं. “तीन दिवसांचा उपास आहे हिचा,” ते भिकुबाईला म्हणाले. “घरी जाऊन पारणं करायचंय.”

“घर कसाले?” भिकुबाई म्हणाली. पंधरा वर्षांत या बाईनं तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलेलं तिला आठवत नव्हतं. तरी ती आत गेली, दूध उकळलं, त्यात साखर घातली, वाटी चमचा दोनदा धुतला आणि बाहेर आली. वाटी पुढे करावी की नाही, ती दारातच घुटमळली.

नेमीचंदांनी बायकोकडे पाहिलं.

राजकुंवरबाईंनी पदर सावरला. “पारणं आपल्या हातानं करायचं नसतं, भिकुबाई,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यानं भरवायचं असतं.”

भिकुबाई बाजेवर त्यांच्या शेजारी बसली. तिनं चमचा भरला, त्यावर फुंकर घातली आणि त्यांच्या तोंडाशी नेला.