कुंदाच्या कानामागे

कुंदाला ऐकू येत नाही, हे अख्ख्या धाड गावात मला एकटीलाच ठाऊक आहे असं मी धरून चालले होते.

ती माझी मुलगी, चार वर्षांची. मागून हाक मारली की वळायची नाही. पण सावली पडली, पाय आपटला की लगेच वळायची, म्हणून घरात कुणाला शंका येत नसे. दीड वर्षाची असताना गोवर आला, तेव्हा दोन्ही कान वाहिले. गोवरात औषध देत नाहीत, अशी घरातली समजूत. उशाला कडुनिंबाचा पाला ठेवला, कानात लसणाचं तेल सोडलं, आणि पुण्याला बी. एस्सी. झालेली मी, नवी सून म्हणून गप्प राहिले.

तिचे वडील संग्रामपूरला ग्रामसेवक, महिन्यातून एकदा येत. त्यांना पत्र लिहायला बसले की तेवढं वाक्य सोडून सगळं लिहून व्हायचं. विहिरीवर गेले की ‘पुण्यावाली आली’ म्हणून बायकांचं बोलणं थांबायचं. सासूबाई, अन्नपूर्णाबाई, मोजकंच बोलत. दिवसभर ज्या एका जिवाशी मी बोलायची, त्याला ते पोचत नव्हतं.

साल सहासष्ट, जिल्हा परिषद होऊन चारेक वर्षं झाली होती. शाळेत विज्ञानाचा मेळावा आहे, लहान-म्हाताऱ्या सगळ्यांनी यावं, नुसतं बघू नये, हातानं करून बघावं, अशी दवंडी फिरली. इंद्रभान गुरुजींनी मला एक टेबल सांभाळायला सांगितलं. काय मांडायचं ते माझ्यावर सोडलं. शाळेच्या कपाटात मला नादकाटा दिसला. दोन पायांचा पोलादी चिमटाच तो, गुडघ्यावर आपटला की गुणगुणतो. कॉलेजात शिकलेलं आठवलं: बिघाड कानाच्या बाहेरच्या किंवा मधल्या भागात असेल, तर हवेतला आवाज पोचत नाही, पण दांडा कानामागच्या हाडावर टेकवला की पोचतो. आतलंच गेलं असेल, तर कसाच पोचत नाही. कुंदाच्या कानामागे एकदा टेकवला की कळणार होतं. मी त्याला हात लावून तसाच ठेवला, मग पुन्हा उचलला.

मेळाव्याला गर्दी झाली. कुणी भिंगानं कापूस पेटवत होतं. लिंबात खोचलेल्या तारा जिभेला लावून उकंडराव कोतवाल शेजारच्याला म्हणाले, “शालिग्राम, हे त बायकोच्या बोलण्यावानी झोंबते बे.” सगळे हसले. माझ्या टेबलाशीही बायका आल्या. वच्छलाबाईनं नादकाटा हनुवटीला लावून घेतला, म्हणाली, डोक्यात भुंगा शिरला. दुपारपर्यंत मी गावभराच्या कानामागे तो टेकवला. कुंदा सासूबाईंच्या पदराला धरून समोर उभी होती. तिला मी बोलावत नव्हते.

शेवटी तीच पुढे आली आणि मान वाकडी करून उभी राहिली, इतरांनी केली तशी.

मी नादकाटा आपटून कानाजवळ धरला. काही नाही. तिची नजर भिंगाकडेच. पुन्हा आपटला, आणि दांडा कानामागच्या हाडावर टेकवला.

कुंदा थबकली. मग तिनं मूठ वळली आणि हवेत गोल गोल फिरवायला लागली, अंगानं डुलत. तोंडानं म्हणाली, “आजी.”

जातं. सासूबाई पहाटे दळताना कुंदा त्यांच्या पाठीला गाल लावून बसायची. मला वाटायचं, लाड.

मी नादकाटा टेबलावर ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. सासूबाईंना सांगितलं, हिला नीट ऐकू येत नाही, पण आतला कान चांगला दिसतोय, डॉक्टरला दाखवू.

सासूबाई पोरीकडेच बघत होत्या. “मले ठाऊक हाये. दोन सालापासून. म्हून त दळताना जवळ घेऊन बसतो तिले.”

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत?

“तू शिकेल पोरगी. तुले समजलं त पोरीले घेऊन पुण्याले निघून जाशीन, अशी भीती वाटे.”

मला रडू आलं, रागही आला. दोन वर्षं एका चुलीपाशी बसून आम्ही दोघी एकमेकींपासून तेच लपवत होतो.

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि इंद्रभान गुरुजींना जाऊन विचारलं, सकाळी बुलडाण्याची पहिली एसटी किती वाजता आहे.

इकडे कुंदानं नादकाटा उचलून माझ्या गुडघ्यावर आपटला, आणि दांडा माझ्या कानामागे लावायला ती टाचा उंचावू लागली. मी खाली बसले.