मैदानात उतरलेलं खाणीतलं हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. पुढची कड करवतीने कापलेली, उजव्या बाजूला बोट जाईल एवढी भेग. ब्लॅकरिज गावात, पोलंडहून आलेल्या लोकांच्या क्लबात, बिअरच्या पिंपांवर एका खिळ्याला मी टांगलेलं असतं. लोक मला बघून हसतात. हसोत बापडे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण शहाणपण आलं ते अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत, इग्नात्सी वोयटासच्या डोक्यावर. तिथे छत केव्हा अंगावर येईल याचा नेम नसे. एकदा माझ्यावर असा धोंडा आदळला की इग्नात्सी गुडघ्यांवर बसला. मग उठला, थुंकला आणि पुन्हा फावडं उचललं. खाणीत हेल्मेट घालणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. न घालणाऱ्याला मात्र मूर्ख म्हणतात.

इग्नात्सीचा मुलगा कॅझ पगारी बेसबॉल खेळायचा. पोटासाठी जमिनीखाली उतरावं न लागलेला तो घरातला पहिलाच पुरुष. एका उन्हाळ्यात चेंडू त्याच्या कानामागे बसला आणि कित्येक दिवस त्याला एकाचे दोन दिसत राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, असा आणखी एक लागला तर अंथरुणातून उठणं विसर. पण खेळ सोडायचा म्हणजे खाण धरायची. तेव्हा इग्नात्सीने मला अंगणात नेलं, दिवा अडकवायची पट्टी उपटली, कड कापली आणि आत लोकरीचं अस्तर लावलं. मला दुखलं, पण कारण पटलं.

त्या काळी मैदानावर सगळे नुसती कापडी टोपी घालत. हॅल्सी गावच्या संघाशी सामना होता. कॅझ मला घालून बॅट घेऊन उभा राहिला, तर त्यांचा रॉस्को टिलमन लांबून ओरडला, "काय कॅझ, आईने पातेलं दिलं का? आत डोकं आहे की बटाटे?"

"बटाटेच आहेत," कॅझ म्हणाला. "तुझ्या टोपीत तर तेही नाहीत."

आमचा मॅनेजर हॅरिगनसुद्धा लाजला होता. "काढ रे ते. बायका बघतायत."

"डोक्यासकट काढा," कॅझ म्हणाला.

या लोकांचा एक अलिखित कायदा आहे. आपल्या माणसाला चेंडू लागला, की आपल्या पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, समोरच्यांपैकी एकाला हाणायचं. कुणाला, का, असं विचारायचं नाही. जो पिचर हाणत नाही, त्याच्या शेजारी बाकावर कुणी बसत नाही. असला मूर्खपणा मी खाणीत कधी पाहिला नाही. तिथला दगड निदान सूड तरी घेत नाही.

हॅल्सीच्या पिचरने माझी परीक्षा घ्यायची ठरवलं असावं. चेंडू सरळ कॅझच्या कानशिलाकडे आला. कडाड आवाज झाला आणि मी उजवीकडे तडकलं. कॅझ कोसळला. मग तो उठला, कपडे झटकले आणि चेंडू लागलेल्या फलंदाजाला फुकट मिळते त्या पहिल्या टप्प्यावर, पहिल्या बेसवर, चालत गेला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला.

डाव बदलला, आता फलंदाजी हॅल्सीची. कॅझ आमच्या पिचरकडे, डेल ओकरकडे गेला.

"डेल, हे बघ, धडधाकट आहे मी. कुणाला मारू नकोस."

"तू मधे पडू नकोस. लागलं की मारायचं."

"अरे, मला कुठे लागलंय? याला लागलं." त्याने माझी भेग दाखवली.

"ओकर!" बाकावरून हॅरिगन म्हणाला, "तुला आता हेही शिकवू का?"

डेलने मान खाली घातली. कॅझ मला बाकावर ठेवून आपल्या जागेवर गेला. समोर रॉस्को आला, हसतच, कापडी टोपी घालून. डेलने फेकलेला पहिलाच चेंडू त्याच्या कपाळाच्या कडेला बसला. हाड फुटल्याचा आवाज मी खाणीत ऐकला होता, म्हणून मला लगेच कळलं. रॉस्कोच्या कानातून रक्त आलं. त्याचा हात मातीत काहीतरी चाचपत राहिला.

मग दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडले. कुणी डेलचे दात पाडले, कुणी बॅट घेऊन कुणाच्या बरगड्या मोडल्या. प्रेक्षक बाटल्या भिरकावू लागले. त्या धुमाळीत एकटा कॅझ रॉस्कोपाशी गुडघे टेकून बसला. इग्नात्सी कुंपणावरून उडी मारून धावत आला.

"मान धर त्याची. हलवू नकोस."

"ताता, हा वाचेल ना?" कॅझने बापाला विचारलं.

"धरून ठेव म्हटलं ना."

रॉस्को वाचला. पण त्यानंतर त्याला बायकोचं नावही धड उच्चारता आलं नाही.

त्याला उचलून नेलं आणि खेळ पुन्हा सुरू झाला, कारण तिकिटं विकली गेली होती. हॅल्सीचा पुढचा फलंदाज ऑर्विल पीट. तोही नुसती कापडी टोपी घालून आला. डेलच्या दातांचा हिशोब म्हणून हॅरिगनने त्याला ऑर्विललाही हाणायची खूण केली. ती पाहून कॅझ बाकाकडे आला, मला उचललं आणि सगळ्यांसमोर ऑर्विलपुढे धरलं.

"कॅझ, मीठ कुणाचं खातोस रे?" आमचेच लोक ओरडले.

"तुमचं मला नको," ऑर्विल पुटपुटला.

"घाल रे. तो आमचा पिचर आहे. मी ओळखतो त्याला."

ऑर्विलने मला घातलं. त्याच्या डोक्याला मी सैल होत होतं. डेलने रक्ताळलेलं तोंड पुसलं, हात उचलला आणि माझ्या भेगेकडे बघत राहिला. मग त्याने चेंडू जमिनीवर ठेवला आणि मैदानाबाहेर चालता झाला. हॅरिगन हाका मारत होता. डेलने वळूनही पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी हॅरिगनने कॅझला संघातून काढलं. पुढच्या सोमवारी तो बापामागोमाग खाणीत उतरला. काही वर्षांनी प्रत्येक फलंदाजाला हेल्मेट सक्तीचं झालं, पण तोवर कॅझचे खेळायचे दिवस सरले होते.

मी मात्र त्या सामन्यानंतर ऑर्विलकडेच राहिलं होतं. कॅझ खाणीत लागल्यावर थोड्याच दिवसांनी मला परत द्यायला तो ब्लॅकरिजला आला, तेव्हा कॅझ कामावर होता. ऑर्विल मला मांडीवर घेऊन खाणीच्या फाटकाशी दिवसभर बसून राहिला. कॅझ वर आला, नखशिखांत काळा. ऑर्विलने मला दोन्ही हातांनी पुढे केलं. कॅझ म्हणाला, "जेवून जा."

मित्रांनो, आपलं डोकं जपा, त्यात लाज कसली? पण ते वाचलं की समोरच्याच्या उघड्या डोक्याकडेही बघा. तो तुमच्या संघाचा नसला तरी बघा.