साहेब जेवले त्या दिवशी

सौंसरकडच्या आमच्या शाळेत हेडमास्तरांची जागा रिकामी झाली, तेव्हा ती सुशीलाबाईलाच मिळणार असं मी धरूनच चालले होते. ती सगळ्यांत जुनी. चौथीची पोरं तर झोपेतून उठवून पाढे विचारावेत अशी तयार केलेली. विनायक गुरुजी तिच्या कितीतरी मागून आले, आणि काम कमी, गप्पाच जास्त. पण पुरुषाचं पारडं आधीच जड असतं. मीही त्याच शाळेतली मास्तरीण, मला हे कळायला हवं होतं.

दोघांचं काम बघून शेरा द्यायला छिंदवाड्याहून साहेब येणार होते. तपासणीचा साहेब आजवर पाटलाकडेच जेवायचा. या वेळी साहेबांनी आपण होऊन निरोप धाडला, सुशीलाबाईंकडे जेवतो. सुशीला बौद्ध. तिच्या सासऱ्याला, ती ज्याला मामाजी म्हणे त्या रामाजीला, याच गावात लोकांनी वरून ओंजळीत पाणी ओतून पाजलेलं. बाई हरखून गेली. वर्ग विनायक गुरुजींच्या हवाली केला आणि सकाळपासून चुलीपुढे बसली. मीही तिला अडवलं नाही. दोघींची अक्कल चरायला गेली होती.

साहेब चौथीवर खूश झाले. जेवताना म्हणाले, "विनायकराव, वर्ग उत्तम तयार केलात. आणि बाई, तुमच्या हाताला चव आहे."

गुरुजी खाली मान घालून भात कालवत राहिले. मी सुशीलाला कोपरानं ढोसलं. ती भांडं घेऊन साहेबांना वरण वाढायला वाकली.

साहेब गेल्यावर मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "जेवत्या मानसाले कसं टोकू, नलिनीताई? आमच्या घरचं पान टाकून उठले असते तं?"

पुढे हुकूम आला, विनायक गुरुजी हेडमास्तर. बाईंचा शेरा ऑफिसातल्या बाबूनं हसत सांगितला: मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष. मी म्हटलं, वर अर्ज कर, मी सही देते.

"कोनत्या तोंडानं करू? मामाजी अजून गावभर सांगून राहिले, साहेब आपल्या घरी जेवले मनून."

पुढच्या साली पुन्हा साहेबांचा दौरा लागला. नव्या हेडमास्तरांनी वर्गाच्या दारातूनच फर्मावलं, बाई, जेवण तुमच्याकडेच. या वेळी तिला नाही म्हणायला लावायचंच, असं ठरवून मी सकाळी तिच्या घरी गेले. रामाजी नवं धोतर नेसून दारात बसला होता. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होता.

मी आत जाऊन पदर खोचला आणि तिच्याशेजारी बसून कणीक मळायला घेतली.